मी लिहिले नव्हते, फक्त पुढे पाठवले होते

कावेसरवासी

आमची सोसायटी घोडबंदर रस्त्यावर कावेसरला आहे. तीन विंग, एकशे बारा सदनिका आणि व्हॉट्सॲपवर दोनशेच्या वर सदस्यांचा एक ग्रुप. मी कार्यकारिणीवर आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझी भूमिका नुसती बघ्याची नाही.

गेल्या महिन्यात बी विंगमधल्या एका घरातली सोन्याची पाटली दिसेनाशी झाली. घरच्यांनी सीसीटीव्ही तपासला, तेव्हा त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई अकरा वाजून सहा मिनिटांनी लिफ्टमधून बाहेर पडताना दिसल्या. हातात कापडी पिशवी होती आणि ऊन असल्यामुळे असेल, त्यांनी पदर डोक्यावर घेतला होता. चौतीस सेकंदांच्या त्या चित्रफितीत याहून अधिक काहीही नाही. ग्रुपवर ती आली तेव्हा तिच्याखाली मात्र लिहिलेले होते : ‘हीच ती चोर. ओळखीच्या सगळ्या सोसायट्यांत कळवा.’

मी कळवले. माझ्या जाऊबाई खारघरला राहतात. त्यांना मी ती चित्रफीत पाठवली आणि त्यांनी ती त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. आमच्या बाई आयुष्यात कधी खारघरला गेल्या असतील असे मला वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी पाटली सापडली, शालूच्या घडीत. ग्रुपवर ‘सापडली’ एवढा एकच शब्द आला, पुढे जोडलेले हात, आणि त्याखाली चाळीसेक जणांचे अंगठे. तोवर बाईंची पाच घरची कामे सुटली होती. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे. ती चेअरमन, सेक्रेटरी, चित्रफीत टाकणारे कुटुंब आणि ग्रुपचे तीन ॲडमिन यांच्या नावाने आहे. माझे नाव त्यात नाही. माझा निरोप खाजगीत गेल्यामुळे तो कुणाला दिसलेला नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

कार्यकारिणीच्या बैठकीत तीन वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकू आली : मूळ मजकूर आम्ही लिहिलेला नाही; ग्रुप खाजगी आहे, चव्हाट्यावर काही टाकलेले नाही; आणि जे केले ते इतरांनी सावध राहावे या चांगल्या हेतूने केले. आदल्या दिवसापर्यंत मलाही ही तिन्ही वाक्ये पटत होती. मग मी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ वाचले, म्हणजे पूर्वीचे ४९९ आणि ५००, आणि माझी झोप उडाली. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा सामाजिक सेवा असे त्यात म्हटले आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की त्या तीन वाक्यांपैकी कायद्यापुढे टिकणारे एखादे तरी आहे का.

कोर्टनाक्यावरचा

ताई, मी ठाण्याच्या न्यायालयात वकिली करतो. तुमच्या प्रकरणातली कागदपत्रे पाहिल्याशिवाय त्यावर मत देणार नाही, पण तीन वाक्यांबद्दल सर्वसाधारणपणे सांगता येईल.

पहिले वाक्य टिकत नाही. कलमात बदनामीकारक मजकूर ‘तयार करणारा’ आणि ‘प्रसिद्ध करणारा’ असे दोघेही येतात, आणि पुढे पाठवणे म्हणजे प्रसिद्ध करणेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्याची चित्रफीत रिट्वीट केल्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने बदनामीकारक मजकुराचे रिट्वीट हे प्रसिद्धीकरणच ठरते असे म्हटले. त्याआधी २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने महिला पत्रकारांविषयीचा अश्लाघ्य मजकूर फॉरवर्ड करणाऱ्या एका माजी आमदाराला अटकपूर्व जामीन नाकारताना, निरोप पुढे पाठवणे म्हणजे तो मान्य करून त्याला दुजोरा देणे, असे नोंदवले होते. ‘न वाचताच पाठवला’ हा त्यांचा बचाव होता. २०२३ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही तो चालला नाही.

दुसऱ्या वाक्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ज्याच्याविषयी मजकूर आहे त्याच्याखेरीज एका तिसऱ्या व्यक्तीपर्यंत तो पोहोचला की प्रसिद्धी झाली. दोनशे माणसे दूरच राहिली, तुमच्या जाऊबाई एकट्या पुरेशा आहेत.

तिसरे वाक्य विचार करण्यासारखे आहे. बदनामीच्या कलमाला अपवाद आहेत, आणि त्यांतला एक तुमच्या कामाचा वाटू शकेल : ज्याला निरोप दिला त्याच्या हितासाठी किंवा लोकहितासाठी सद्भावनेने दिलेला सावधगिरीचा इशारा ही बदनामी होत नाही. आता अडचण ‘सद्भावना’ या शब्दाशी आहे. बोलीभाषेत त्याचा अर्थ मन साफ असणे. कायद्यात मात्र योग्य ती काळजी आणि लक्ष दिल्याशिवाय केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणताच येत नाही. तेव्हा ‘पाटली सकाळपासून सापडत नाही, आज ये-जा केलेल्यांनी कृपया संपर्क साधावा’ असे कुणी लिहिले असते तर त्याच्याजवळ बोलायला जागा होती. कपाट नीट न पाहता ‘हीच ती चोर’ लिहिणाऱ्याजवळ ती फारशी उरत नाही.

ॲडमिन मंडळींना थोडा दिलासा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान उद्देश किंवा आधी ठरवलेला बेत दिसला पाहिजे. केरळ उच्च न्यायालयानेही पुढच्या वर्षी तेच म्हटले. मात्र तिघांपैकी कुणी ती चित्रफीत स्वतः पुढे पाठवली असेल, तर तो ॲडमिन म्हणून नव्हे, पाठवणारा म्हणून उत्तरदायी होईल.

आणखी एक, आणि हे आजच सगळ्यांना सांगा. नोटीस आल्यानंतर घाबरून ग्रुपवरचे जुने निरोप पुसू नका. पुरावा म्हणून मागितली जाईल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

जुनी वाशी

वकीलसाहेबांचे विवेचन उत्तम आहे, पण मला याच्या दुसऱ्या अंगाबद्दल लिहायचे आहे. बोलण्यावरच्या कायद्यांची ही यादी वाचून सामान्य माणूस तोंडाला कुलूप लावतो, आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला तेच हवे असते.

नोव्हेंबर २०१२ आठवून पाहा. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांवर ‘लाइक’ची कळ दाबली, आणि दोघींना अटक झाली. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले त्यामागे हेच प्रकरण होते, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम संपूर्णपणे रद्द झाले. रद्द होऊनही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढून सांगावे लागले की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. मे २०२२ मध्ये आपल्या कळव्याला गुन्हा दाखल होऊन एका अभिनेत्रीला अटक झाली, तीही दुसऱ्याच्या नावाने लिहिलेला मजकूर फेसबुकवर टाकल्याबद्दल. तो मजकूर मला स्वतःला हीन अभिरुचीचा वाटला होता. पण त्यासाठी महिन्याहून अधिक काळ तुरुंगात?

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच राज्यातले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने अनुच्छेद ३७० रद्द केल्याचा निषेध व्हॉट्सॲप स्टेटसवर केला आणि त्याच्यावर समाजात तेढ निर्माण केल्याचा गुन्हा नोंदवला गेला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि शब्दांचा परिणाम मोजताना विवेकी, खंबीर मनाच्या माणसाचा मापदंड लावायचा, जो प्रत्येक प्रतिकूल मतात धोका शोधतो त्याचा नव्हे, हे तत्त्व पुन्हा सांगितले. सोसायटीच्या ग्रुपवर महापालिकेला, नगरसेवकाला, बिल्डरला चार खडे बोल सुनावायला लोक आताच घाबरतात. हा धागा वाचून ते आणखी घाबरू नयेत एवढीच माझी इच्छा.

कोर्टनाक्यावरचा

तुमच्याशी माझा वाद नाही. सरकारवर टीका करणे ही एक गोष्ट आहे, आणि महिन्याला काही हजारांवर घर चालवणाऱ्या बाईंना दोनशे लोकांपुढे चोर म्हणणे ही दुसरी. दोन्हींना ‘बोलणे’ म्हणतात म्हणून त्या एक होत नाहीत. शिवाय बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. तिथेही नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याप्रमाणे, तक्रारीची दखल घेण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. सकाळी पोस्ट आणि संध्याकाळी बेड्या, असे या कलमाखाली होत नाही.

नेरुळची बाई

मी नवी मुंबईतल्या एका शाळेत शिकवते. आमच्या पालकांच्या ग्रुपवर माझा अनुभव असा की कायदा सर्वांत जास्त मोडला जातो तो कळवळ्यापोटी.

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या संतापातून बदलापूरला लोक रुळांवर उतरले, त्या आठवड्यातली गोष्ट. एका पालकांनी ग्रुपवर एक लांबलचक निरोप टाकला. त्यात पीडित मुलींपैकी एकीचे म्हणून एक नाव, वडिलांच्या नोकरीचे ठिकाण आणि राहती इमारत दिलेली होती, आणि शेवटी ‘या लेकीसाठी एक मेणबत्ती लावा’ असे आवाहन. ते खरे होते की खोटे, मला ठाऊक नाही. खरे असेल तर तो गुन्हा होता आणि खोटे असेल तर दुसऱ्याच एका घरावर संकट होते. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणारा कोणताही मजकूर प्रसिद्ध करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. फक्त नाव गाळून भागत नाही. शाळा, इमारत, आत्याचे दुकान, ज्यावरून माणूस ओळखता येईल असे काहीही. पीडितेचा मृत्यू झाला असला तरी नाव छापता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले आहे. मी त्या पालकांना खाजगीत फोन केला, तेव्हा ते दुखावल्या स्वरात म्हणाले, ‘बाई, मी तर तिच्या बाजूनेच लिहिले होते.’ निरोप त्यांनी काढला, पण त्याखाली आधीच चौघांनी ‘शेअर केले’ असे कळवलेले होते.

मुलांच्या हातून काही घडते तेव्हाही असेच होते. सायकल चोरताना पकडलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची चित्रफीत चेहऱ्यासह फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. प्रकरण चौकशीत किंवा तपासात गेल्यावर अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र उघड करण्यास बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मनाई करते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सायकलीची किंमत काय असते?

दिवाळी अंकवाला

थोडे वेगळे, पण धाग्याच्या विषयातलेच. दरवर्षी भाऊबिजेच्या सुमारास मला माझाच दिवाळी अंक पीडीएफच्या रूपात कुणीतरी प्रेमाने पाठवते. ‘छान आहे, जरूर वाचा, मराठी जगवा.’ लेखकांना मानधन, चित्रकाराला मुखपृष्ठाचे पैसे, छपाई आणि टपाल यांचा हिशेब माझ्या वहीत असतो; पीडीएफ पाठवणाऱ्याला तो ठाऊक नसतो. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कमीत कमी सहा महिने कैद आणि पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय कारणे देऊन ही शिक्षा कमी करू शकते. मी अजून कुणावर तक्रार केलेली नाही, करणारही नाही. पण ज्यांच्या शहरात १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे त्या ठाणेकरांनी तरी वर्गणी भरून वाचावे.

ए विंग ७०४

मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावे ग्रुपवर टाकावीत की नाही? आमचे चेअरमन दर महिन्याच्या पाच तारखेला फोटोसकट टाकतात.

कोर्टनाक्यावरचा

थकबाकी असल्यास सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवता येतो, आणि पैसे त्यानेच वसूल होतात. सभासदांना हिशेब दाखवणे वेगळे. ज्या ग्रुपवर भाडेकरू, ड्रायव्हर आणि इस्त्रीवालाही आहे तिथे फोटो लावून ‘फुकटे’ लिहिणे वेगळे. आकडा खरा असला तरी विशेषण महागात पडते.

कळव्याहून

कावेसरच्या ताई, तुमचा लेख दोनदा वाचला. माझी आई पंचवीस वर्षे लोकांकडे कामाला जात होती, म्हणून लिहिते. तिच्यावर कधी आळ आला नाही, पण प्रत्येक घरातून निघताना ती पिशवी उघडून दाखवायची, कुणी मागितले नाही तरी.

इथे सगळी चर्चा पाठवणाऱ्याला काय होईल याची चालली आहे. माझा प्रश्न उलट बाजूचा आहे. ज्या बाईंकडे साधा बटणांचा फोन आहे, ज्या त्या ग्रुपमध्येच नाहीत, त्यांनी हे सिद्ध कसे करायचे? त्यांना तर चित्रफीत कुणीतरी वॉचमनच्या फोनवर दाखवली असणार. आणि वकिलाची फी कोण देणार?

कोर्टनाक्यावरचा

फीचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करायचा. कावेसरच्या बाईंचे वकीलही तिथूनच आले असण्याची शक्यता आहे.

पुराव्याचे अवघड आहे. नुसता स्क्रीनशॉट छापून नेला तर पुरत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे, म्हणजे पूर्वीच्या ६५ब प्रमाणे, त्याला प्रमाणपत्र जोडावे लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे ठामपणे सांगितले. नव्या कायद्यात त्याचा नमुना दोन भागांचा आहे, एक देणाऱ्याने भरायचा आणि एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा तिचा अंकाक्षरी ठसा, लिहावे लागते. त्याच निकालात असेही म्हटले आहे की मूळ साधनाच्या, म्हणजे फोनसारख्या उपकरणाच्या, मालकाने साक्षीला उभे राहून तेच हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणजे व्यवहारात ग्रुपमधल्या एखाद्या सदस्याने आपला फोन घेऊन बाईंच्या बाजूने उभे राहायला हवे. असा सदस्य मिळणे हाच अशा खटल्यांतला सर्वांत कठीण भाग असतो. दिवाणी भरपाईचा दावा करायचा असेल तर प्रसिद्धीपासून एक वर्षाची मुदत आहे, ती चुकवू नये.

कावेसरवासी

सर्वांचे आभार. मध्ये दहा दिवस गेले, काय झाले ते लिहिते.

विशेष बैठक झाली. ॲडमिन तिघांनी नागपूरच्या निकालाचा आधार घेतला. त्यांतल्या एकाने चित्रफीत तीन ठिकाणी पाठवल्याचे त्याच्याच फोनमध्ये निघाले, तेव्हा तो गप्प बसला. बाईंच्या वकिलांशी बोलणे झाले. पैशांचे अजून ठरायचे आहे. पण त्यांनी आधी मागितली ती एक वेगळीच गोष्ट : सोसायटीच्या लेटरहेडवर, शिक्का आणि दोन सह्यांसह, मराठीत लिहिलेले पत्र, की पाटली त्या घरातच सापडली असून बाईंचा तिच्याशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने अडवले तर दाखवायला. पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी कमरेला खोचले. कळव्याहून लिहिणाऱ्या ताई, मी माझा फोन आणि खारघरला पाठवलेला निरोप त्यांच्या वकिलांना दाखवला आहे. गरज पडली तर साक्ष देईन असेही लिहून दिले. घरी यावरून बरेच बोलणे झाले, ते इथे लिहीत नाही.

ते पत्र ज्या ज्या ठिकाणी चित्रफीत गेली होती तिथे टाकायचे ठरले. खारघरचे काम माझ्याकडे होते. जाऊबाईंनी काल रात्री पत्राचा फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली चार ओळींत सगळा खुलासा लिहिला. पहिला प्रतिसाद पाच मिनिटांत आला. ‘कुठली चित्रफीत? मी गावाला होते, पाहिली नाही. कुणी पाठवेल का?’ जाऊबाई नको म्हणून लिहीत होत्या, तेवढ्यात कुणीतरी ती पाठवलीसुद्धा.